आधी वर्दी की आधी हक्क?



आजच्या विषयाची सुरुवात करायला मला दूर जायची गरज नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण इथे विठ्ठलवाडीहून, उल्हासनगरहून आला आहात. कॅम्प एक, कॅम्प दोन, असे पाच कॅम्प. रिक्षावाला आजही 'कॅम्प' म्हणूनच पुकारतो. हा कॅम्प कोणाचा? दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळच्या माळरानावर सैनिकांच्या ये-जा करणाऱ्या तुकड्यांसाठी तळ उभारला. लांबच लांब बराकी. तिथून माणसं जहाजावर चढायची आणि लढायला जायची. कोणासाठी लढायची? एका राजासाठी. ते त्या राजाचे प्रजाजन होते, नागरिक कोणाचेच नव्हते.

युद्ध संपलं, फाळणी झाली, आणि त्याच बराकींत सिंधमधून सर्वस्व टाकून आलेली सुमारे लाखभर माणसं येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. पुढच्या जानेवारीत राज्यघटना लागू झाली. तिच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्या या माणसांना नागरिकत्व दिलं. १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथेच राहिलेले आपोआप नागरिक, त्यानंतर आलेल्यांनी सहा महिने राहून नोंदणी करायची. बस. कोणाला बंदूक उचलायला सांगितली नाही.

म्हणजे बघा काय झालं. ज्या बराकींत नागरिकत्व नसलेले सैनिक राहिले, त्याच बराकींत सैनिक नसलेले लोक नागरिक झाले.

आज मला बोलायचं आहे ते यावर. जो देशाचा नागरिक नाही त्याने त्या देशाची वर्दी घालावी का? घातली, तर बदल्यात नागरिकत्व मिळावं का? मिळालंच, तर ते हक्क म्हणून मिळतं की बक्षीस म्हणून? शेवटच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथे आहे.

प्रथम आपल्या घरचं उदाहरण घेऊ. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा बावीस वर्षांचा जवान एकटा शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला, ते त्याने जिंकलं, आणि तिथेच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्याचं स्मारक आहे, मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्यांनी पाहिलं असेल. त्या युद्धात पंचवीस लाखांच्या आसपास हिंदी माणसं स्वेच्छेने भरती झाली. इटलीला नाझींच्या तावडीतून सोडवायला लढलेल्या या माणसाला स्वतःच्या देशाचं सरकार निवडायचा अधिकार होता का? मतदानाचा हक्क मुख्यतः मालमत्तेवर आणि शिक्षणावर बेतलेला; कोकणातल्या गरीब कुळाच्या वाट्याला तो कुठून येणार?

पण यापेक्षा खोल गेलेलं उदाहरण महार सैनिकांचं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. फौजेत शिक्षण सक्तीचं होतं, त्यामुळे सैनिकांच्या मुलाबाळांना अक्षरओळख झाली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, ही आपल्याला माहीत असलेली गोष्ट त्याच व्यवस्थेतून आलेली. आता हा सुभेदार, हा हवालदार निवृत्त होऊन गावी येतो. छातीवर पदकं आहेत, पेन्शनीचा कागद आहे. आणि गावच्या पाणवठ्यावर? तिथे त्याला पाणी भरता येत नाही. परक्या राजाच्या सैन्यात तो सुभेदार, आपल्याच गावात गावाबाहेरचा. मी 'बिगर-नागरिक' म्हणतो तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर परदेशी माणूस येतो. जरा इकडेही बघा. ज्याला गावच्या विहिरीवर हक्क नाही तो कुठल्या अर्थाने नागरिक होता?

मग १८९०च्या सुमारास इंग्रजांना 'लढवय्या जाती'चं शास्त्र सुचलं आणि महारांची भरती बंद झाली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त सैनिक, त्यांनी १८९४ मध्ये सरकारला उद्देशून अर्ज लिहिला. युक्तिवाद असा की आम्ही इमानाने सेवा केली, आमचे पूर्वज क्षत्रिय होते, तेव्हा आम्हांला पुन्हा फौजेत घ्या. मी त्या अर्जाला नावं ठेवणार नाही. त्या काळी, त्या माणसाच्या हातात दुसरं काय होतं? पण त्या युक्तिवादात एक सापळा आहे. सेवा केली म्हणून हक्क द्या, असं म्हटलं की ज्याच्या हातात सेवा देणं आहे त्याच्याच हातात हक्क देणं जातं. त्याने भरती बंद केली की तुमचा दावाही बंद. आणि तसंच झालं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी केली. युद्ध सरलं, काही वर्षांतच ती मोडीत काढली. गरज सरो नि वैद्य मरो.

आता २० मार्च १९२७ आठवा. महाड, चवदार तळं. त्या सत्याग्रहात माजी सैनिक होते, त्यांची शिस्त तिथे कामी आली. पण बाबासाहेबांनी पाणी कशाच्या बदल्यात मागितलं? पलटणीत नोकरी केली म्हणून? नाही. माणूस आहोत म्हणून. कोकणातल्या त्याच पट्ट्यात, वलंगकरांच्या अर्जानंतर तेहेतीस वर्षांनी, मागणीचा पायाच बदलला होता. पुढे १९४१ मध्ये बाबासाहेबांनीच महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून सरकारदरबारी वजन खर्च केलं, ती बेळगावला उभी राहिलीही. यात विसंगती आहे का? मला वाटत नाही. सैन्यातली नोकरी हा त्यांच्या लेखी एक हक्क होता, इतर हक्क विकत घ्यायचं नाणं नव्हे. हा फरक कृपया लक्षात ठेवा, आपल्याला तो अमेरिकेतही लागणार आहे आणि रशियातही.

आता ठाण्याला येऊ. टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात, १८७९ मध्ये बांधलेलं सिनेगॉग आहे. आपण त्यावरून शेकडो वेळा गेलेलो असतो, आत काय आहे याची चौकशी क्वचित करतो. बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू. दिवेकर, पेणकर अशी आडनावं, घरात मराठी, शनिवारी काम बंद ठेवून तेलाचे घाणे चालवणारे कोकणातले 'शनिवार तेली'. आज भारतात उरलेल्या बेने इस्रायली समाजाची सर्वात मोठी वस्ती ठाण्यात आणि आसपास आहे.

या समाजाचं आणि वर्दीचं नातं जुनं आहे. कंपनीच्या मुंबई फौजेतला सामाजी हसाजी दिवेकर हा अंमलदार म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडला. समाजात सांगतात ती कथा अशी की, हा बेने इस्रायली आहे असं कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि तो वाचला. कथा किती खरी हे सोडा. सुटून आल्यावर १७९६ मध्ये सामाजीने मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं, ते मात्र खरं. फौजेतल्या पगारावर देवघर उभं राहिलं! स्वतंत्र भारतातही याच समाजातले व्हाइस अॅडमिरल बेंजामिन सॅमसन आपल्या आरमाराचे फ्लीट कमांडर झाले.

१९४८ नंतर यांतले बरेच लोक इस्रायलला गेले. तिथली व्यवस्था पाहा. १९५० च्या परतीच्या कायद्याने ज्यू माणूस तिथे स्थायिक व्हायला आला की नागरिक. नागरिकत्व आधी, वर्दी नंतर. वयात बसणाऱ्या मुलामुलींना सक्तीची लष्करी सेवा. ठाण्याहून, पनवेलहून, अलिबागेहून गेलेली मुलं तिथे सैनिक झाली. म्हणजे प्रश्न सुटला? तसं झालं नाही. १९६०च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने शंका काढली की हे मराठी बोलणारे लोक पक्के ज्यू आहेत का? लग्न लावायचं तर यांच्या आई-आजीची वंशावळ तपासा, असा हुकूम निघाला. मुलगा सीमेवर पहारा देतोय, आणि त्याच्या बहिणीचं लग्न नोंदवायला कारकून आजीच्या आजीचं नाव विचारतोय. हे लोक गप्प बसले नाहीत. जेरुसलेमला धरणं धरलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्रायली सर्व बाबतीत ज्यूच आहेत. महाडच्या तळ्यापासून जेरुसलेमच्या धरण्यापर्यंत, मला इथे एकच धागा दिसतो. कागदावरचं नागरिकत्व एक आणि शेजाऱ्याने मानलेलं नागरिकत्व दुसरं. वर्दीने पहिलं सुकर होत असेल, दुसऱ्यासाठी रस्त्यावर उतरावंच लागतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी ठाण्याचं उदाहरण निवडलं. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीने घेतलंत की भारताचं संपलं. १९५५ च्या कायद्याचं नववं कलम. त्याऐवजी आपण २००५ पासून ओसीआय कार्ड देतो. व्हिसाची कटकट नाही, आजोळी हवं तेव्हा या, हवं तितकं राहा. पण त्याच्या नियमांत एक ओळ आहे. परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा तिथून निवृत्त झालेल्याला हे कार्ड नाही. आता इस्रायलमध्ये लष्करी सेवा सक्तीची. म्हणजे तिथे वाढलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी ज्यू मुलाला आजीच्या ठाण्यातल्या घराचं हे दार तेव्हा बंद! ज्या वर्दीने एका देशात त्याचं स्थान पक्कं केलं, त्याच वर्दीने दुसऱ्या देशात त्याला संशयित केलं. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान मोदी तेल अवीवला गेले, तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांसमोर त्यांनी जाहीर केलं की सक्तीची सेवा केलेल्यांनाही ओसीआय मिळेल. टाळ्या झाल्या. टाळ्या होण्यासारखीच घोषणा होती. पण विचार करा, हजारो कुटुंबांचा प्रश्न सुटण्यासाठी पंतप्रधानांना परदेशात जाऊन भाषण करावं लागतं, याचा अर्थ तो नियम मुळात डोळे मिटून लिहिला होता.

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो. थोडक्यात म्हणतोय, पण डोंबिवलीकरांचा हा जिव्हाळ्याचा विषय. फडके रोडवर दिवाळी पहाटेला भेटणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या घराचं कोणीतरी न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये आहे असं मला उगाच वाटतं.

भगतसिंग थिंड नावाचा पंजाबी तरुण १९१८ मध्ये अमेरिकेच्या सैन्यात होता. सन्मानाने निवृत्त झाला. वर्दीतच नागरिकत्व मिळालं, चार दिवसांत काढून घेतलं. पुन्हा मिळालं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. १९ फेब्रुवारी १९२३ चा एकमताचा निकाल असा की हिंदू माणूस, म्हणजे हिंदुस्थानातला माणूस, गोरा नाही, आणि गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंड पगडीला न शोभणारं काहीही न करता थांबून राहिला. १९३५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या आशियाई सैनिकांसाठी अमेरिकेने खास कायदा केला तेव्हा १९३६ मध्ये त्याला तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळालं. ते टिकलं. का टिकलं? कारण या वेळी ते कायद्यात लिहिलेलं होतं.

आता थिंड सैन्यात होता त्यानंतर नव्वद वर्षांनी. २००८च्या अखेरीस अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एक योजना मंजूर केली, 'मावनी' या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. ग्रीन कार्ड नसलेल्या, पण कायदेशीर व्हिसावर दोन वर्षं राहिलेल्या परदेशी माणसांना सैन्यात यायची मुभा. डॉक्टर-नर्स हवेत, आणि खास भाषा येणारे हवेत. त्या भाषांच्या यादीत हिंदी होती, पंजाबी, तमिळ, उर्दू होती, आणि आपल्या उल्हासनगरची सिंधीसुद्धा होती. बदल्यात प्राथमिक प्रशिक्षणातच नागरिकत्व. ज्या भारतीय विद्यार्थ्यांपुढे ग्रीन कार्डची दशकांची रांग होती, त्यांना हा राजमार्ग वाटला तर नवल काय? सात-आठ वर्षांत दहा हजारांहून जास्त माणसं या वाटेने गेली. आणि २०१६ मध्ये सुरक्षा तपासणीचे नियम कडक करून योजना थांबवली. ज्यांनी करारावर सही केली होती, शपथ घेतली होती, पण प्रशिक्षणाला बोलावणं आलं नव्हतं, ते लटकले. थांबता थांबता व्हिसा संपला. ज्या देशासाठी लढायची शपथ घेतली त्याच देशातून हाकललं जायची भीती. काहींना सैन्यातून काढून टाकल्याच्या बातम्या २०१८ मध्ये आल्या. लोक कोर्टात गेले, काहींना न्यायही मिळाला.

थिंडला १९३६ साली जे टिकाऊ मिळालं ते संसदेच्या कायद्याने. मावनीवाल्यांच्या हातात होती खात्याची योजना. योजना साहेबाच्या सहीने सुरू होते आणि साहेबाच्या सहीने बंद होते. ग्रीन कार्डवाल्याला तिथल्या सैन्याचं दार आजही उघडं आहे, सेवेनंतर नागरिकत्वही लवकर मिळतं, कारण ते कायद्यात आहे. व्हिसावर शिकणाऱ्या आपल्या पोराला आज तो मार्ग नाही. कोणी एजंट 'आहे' म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

एजंटचा विषय निघालाच आहे तर रशिया. याबद्दल मी रागाने बोलणार आहे, क्षमा करा. जानेवारी २०२४ मध्ये रशियाने फर्मान काढलं की युद्धकाळात किमान वर्षभराचा करार करून सैन्यात आलेल्या परदेशी माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला झटपट नागरिकत्व मिळेल. त्याआधीपासूनच आपल्याकडची पोरं मदतनीस, सुरक्षारक्षक अशा नोकऱ्यांच्या नावाखाली तिकडे नेली जात होती. पंजाब, तेलंगणा, गुजरात, केरळ. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने जे छापे घातले त्यांत मुंबईही होती. हातात कागद दिला रशियन भाषेत, सही घेतली, आणि पोरगा युक्रेनच्या खंदकात. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या परराष्ट्र खात्याने दिलेला हिशेब असा: १२६ जण गेल्याची नोंद, ९६ परत आले, १२ मेले, १६ बेपत्ता. ज्याला करार वाचता येत नाही त्याने नागरिकत्व 'कमावलं' असं म्हणायचं का? गंमत म्हणजे परदेशी सैन्यासाठी भारतात भरती करण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा आपल्याकडे १८७४ पासून आहे. दीडशे वर्षांचा. तो वाचायला एजंटांना वेळ नसेल, पण बाकीच्यांना?

बरं, दुसऱ्यांना पुष्कळ बोललो. आपलं काय?

आपल्या सैन्यात बिगर-भारतीय आहेत. नेपाळचे नागरिक गोरखा पलटणींत लढतात, ९ नोव्हेंबर १९४७ च्या त्रिपक्षीय करारापासून. १९६२, १९६५, १९७१, कारगिल. त्यांची पेन्शन नेपाळमध्ये जाऊन आपलं सरकार वाटतं, त्यासाठी काठमांडू, पोखरा, धरान इथे कार्यालयं आहेत. ब्रिटनने आपल्या निवृत्त गोरख्यांना देशात राहायचा हक्क द्यायला फार खळखळ केली, २००९ मध्ये मोठ्या जनक्षोभानंतर दिला. आपल्याकडे तो वाद झाला नाही, कारण १९५० च्या करारामुळे नेपाळी माणूस इथे तसाही राहू शकतो, काम करू शकतो. पण राहणं वेगळं, नागरिक असणं वेगळं. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, चार वर्षांची नोकरी आणि बहुतेकांना पेन्शन नाही. नेपाळने भरतीच रोखून धरली. तेव्हापासून तिकडून नवे जवान येत नाहीत.

दुसरे तिबेटी. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनने आपल्याला धूळ चारली त्या दिवसांत, तिबेटी निर्वासितांची एक खास तुकडी उभी केली. ती १९७१ ला चितगावच्या डोंगरांत लढली, आणि कित्येक दशकं तिचं नावही अधिकृतपणे घेतलं जात नव्हतं. ऑगस्ट २०२० मध्ये पँगाँग सरोवराजवळ त्या तुकडीतला एक तिबेटी जवान सुरुंगस्फोटात मरण पावला, तेव्हा पहिल्यांदा लेहला उघडपणे मानवंदना झाली. भारताच्या तिरंग्यात आणि तिबेटच्या ध्वजात गुंडाळलेली शवपेटी. त्या तुकडीतल्या अनेकांच्या खिशात आजही भारतीय मतदार ओळखपत्र नाही, निर्वासितांचा नोंदणी दाखला आहे.

आता आपला नागरिकत्व कायदा काढा. सहाव्या कलमात म्हटलंय की विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांत ज्याने विशेष सेवा केली, त्याला केंद्र सरकार बाकीच्या अटी माफ करून नागरिकत्व देऊ शकतं. उत्तम कलम आहे. त्याच कलमाखाली १ जानेवारी २०१६ पासून अदनान सामी भारतीय झाले, ज्यांचे वडील १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी हवाई दलाचे वैमानिक होते. मला यात काही वावगं वाटत नाही. बापाची वर्दी मुलाच्या गळ्यात अडकवू नये. पण यादी पुन्हा ऐका: विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, शांतता, प्रगती. सैनिक कुठे आहे? परिशिष्टात एवढंच आहे की सरकारी नोकरीचा काळ वास्तव्याच्या काळात धरला जाईल. वास्तव्याची अट अशी: बारा महिने सलग आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत अकरा वर्षं. म्हणजे पँगाँगला पहारा दिलेला माणूस आणि कार्यालयात फायली लावलेला माणूस सारखेच.

एकीकडे मी म्हणतो की वर्दी हे नागरिकत्वाचं मोल असू नये, आणि दुसरीकडे विचारतो की कायद्यात सैनिक का नाही. तुम्ही मला धरणार. धराच. माझं म्हणणं असं आहे. नागरिकत्वासाठी वर्दी ही अट कधीच असू नये. उल्हासनगरला आलेल्या आईच्या कडेवर मूल होतं, हातात रायफल नव्हती, आणि घटनेने तिला बरोबरीने घेतलं, हे आपल्या राज्यघटनेचं मोठेपण. पण ज्या राष्ट्राने परक्या माणसाला मरणाच्या तोंडी उभं केलं, त्या राष्ट्राने त्याला 'तू आमचा नाहीस' म्हणण्याचा अधिकार गमावलेला असतो. नागरिकत्व त्याने मागावं की न मागावं, ही त्याची खुशी. बहुतेक नेपाळी जवानांना निवृत्तीनंतर आपल्या गावीच जायचं असतं, आणि त्यांनी जावं. तिबेट्यांतही भारतीय नागरिकत्व घ्यावं की नाही यावर दोन मतं आहेत. घेतलं तर तिबेटवरचा दावा सैल पडेल अशी अनेकांना धास्ती वाटते. पण ज्याला हवं आहे त्याला नोंदणीने मिळालं पाहिजे, ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर, संसदेच्या कायद्याने. मंत्र्याच्या घोषणेने नको, खात्याच्या परिपत्रकाने नको. आणि ओसीआयच्या नियमातली ती ओळ सरसकट बंदीची न ठेवता, माणूस कुठल्या सैन्यात, सक्तीने की मर्जीने, आपल्या विरुद्ध की नाही, हे पाहून लिहिली जावी.

एवढी दुरुस्ती करायला फार मोठं विधेयक लागणार नाही. १९५५ च्या कायद्यात आजवर अनेक दुरुस्त्या झाल्या, काही तर रात्री उशिरापर्यंत चर्चा करून. या सभागृहात वकील आहेत, निवृत्त सैनिक आहेत, ठाणे जिल्हाधिकारी कार्यालयात नागरिकत्वाच्या अर्जांसाठी खेटे घातलेली कुटुंबंही असतील. शेजारच्या देशांतून आलेल्या अल्पसंख्याकांचे अर्ज हाताळायचे अधिकार २०१६ मध्ये ज्या मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले गेले त्यांत ठाणं होतं. माझ्या सूचनेतल्या चुका तुम्हीच जास्त चांगल्या दाखवाल. अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे, तेव्हा उरलेला वेळ तुमच्या प्रश्नांना.